पडणारीकडे बघा

तव्यावर भाकरी असेल तर आधी उतरवून घ्या, कारण आजचा विषय जरा लांबचा आहे. जपानचा आहे. जपानमधल्या बायकांच्या कुस्तीबद्दल मी बोलणार आहे. ती कुस्ती बघून झाली की सामना चांगला झाला की वाईट, हे ठरवायचं कसं, त्यावर शेरा मारायचा तर कोणता मारायचा आणि कोणता मारायचा नाही, असा हा विषय आहे.

आमचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध तसा घरातच आहे. आपली पोरं टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई बघतात, मग एकमेकांना गादीवर आपटतात आणि आपण स्वयंपाकघरातून ओरडतो. त्या कार्यक्रमात आसुका, इयो स्काय अशी नावं तुमच्या कानावर पडली असतील. त्या दोघी जपानच्या, तिथल्याच रिंगणात तयार झालेल्या. बायकांच्या या खेळाला तिकडे 'जोशी पुरोरेसु' म्हणतात. हे जोशी म्हणजे आपल्याकडचं आडनाव नव्हे हं. जपानी भाषेत जोशी म्हणजे बाया, मुली. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. आपल्या जत्रेतल्या आखाड्यात असं झालं तर लोक 'नुरा कुस्ती, नुरा कुस्ती' म्हणून धिंगाणा घालतील, आणि बरोबरच आहे ते. पण दशावतारात संकासुर मरणार हे कोकणातल्या लहान पोरालाही माहीत असतं, तरी लोक रात्र रात्र मांडी घालून बसतात. कशासाठी? तो कसा येतो, कसा बोलतो, कसा मरतो, यासाठी. जपानची ही कुस्ती आखाडा आणि रंगमंच यांच्या मधली आहे. निकाल ठरलेला असतो, पण सहा-सात फुटांवरून पाठीवर आपटणं खरं असतं. हाड खरं असतं. दोन बायांनी मिळून एक गोष्ट सांगायची, तीही तोंडाने न बोलता, अंगाने.

नियम थोडक्यात सांगते. चारी बाजूंनी दोर बांधलेला चौकोनी मंच. आपल्याकडे पाठ टेकली की चितपट. तिथे समोरचीचे दोन्ही खांदे टेकवून धरायचे आणि पंचाने हाताने जमिनीवर थापा मारत तीन मोजायचं. तिसऱ्या थापेआधी खांदा उचलला की सामना चालू. अडीचवर उठणं, पावणेतीनवर उठणं, यातच बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. शिवाय हातपाय पिरगाळून समोरचीला 'सोडा' म्हणायला लावता येतं.

हा खेळ तिथे खूप जुना आहे, पण त्याचं मोठं दुकान मांडलं ते मात्सुनागा नावाच्या भावांनी. १९६८ साली त्यांनी बायकांच्या कुस्तीची एक कंपनी काढली, ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग. ती २००५ पर्यंत चालली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली शाळा संपवून तिथे दाखल व्हायच्या, बसमधून गावोगाव फिरायच्या, वर्षाला दोनशेच्या वर खेळ करायच्या. त्यांच्यावर तीन बंधनं होती. दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही. आणि पंचविशी-सव्विशी गाठली की निवृत्ती. मालक सगळे पुरुष. त्यांना वयाची अट नव्हती. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच काय ते समजा.

१९७० नंतरच्या दशकात जॅकी सातो आणि माकी उएदा या दोघींची जोडी इतकी गाजली, की त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. पुढे १९७९ च्या फेब्रुवारीत याच दोघी मैत्रिणींना एकमेकींसमोर उभं केलं. हरेल तिने कुस्ती सोडायची. माकी हरली आणि गेली. गर्दी जमवायची हातोटी त्या भावांकडे होती, हे मान्य करावं लागेल.

आता परीक्षणाकडे येते. तिकडे या सामन्यांचं परीक्षण म्हणजे एक वेगळं कामच आहे. कुस्तीला वाहिलेली साप्ताहिकं निघतात, खेळांच्या दैनिकात पानं येतात. अमेरिकेत डेव्ह मेल्टझर नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षं एक वार्तापत्र काढतात आणि प्रत्येक सामन्याला तारे देतात. पाच तारे म्हणजे उत्तम. अर्धा तारा, पाव तारासुद्धा देतात, सोनार गुंजा मोजतो तसे. १९९० नंतरच्या काही वर्षांत जपानच्या या बायकांना त्यांनी पाच ताऱ्यांची खैरात केली, आणि त्यामुळे जगभरच्या शौकिनांनी ते सामने शोधून शोधून पाहिले. उपकारच म्हणायचे. पण मला ताऱ्यांचं फार कौतुक नाही. आमटीला दहापैकी किती गुण, असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल? मीठ कमी आहे, फोडणी करपली आहे, पण डाळ छान शिजली आहे, असं सांगाल ना. सामन्याचंही तसंच सांगता आलं पाहिजे.

तर बघायचं काय? नवख्या माणसाची नजर मारणारीकडे जाते. उडी कुणी मारली, कुणी उचलून आपटलं. माझं म्हणणं असं, की पडणारीकडे बघा.

जपानी भाषेत पडण्याच्या विद्येला 'उकेमी' म्हणतात. ज्यूदोमधूनच आलेली ही विद्या. नव्या मुलीला डावपेच शिकवण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. पाठ सपाट. दोन्ही हात जमिनीवर थाडकन मारायचे, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. हे शेकडो वेळा, हजारो वेळा. एखादी पहिलवान समोरचीला कमरेला धरून डोक्यावरून मागे फेकते तेव्हा आपण फेकणारीला टाळ्या देतो. पण ती फेक सुंदर दिसते ती निम्मी जिने स्वतःला फेकू दिलं तिच्यामुळे. ती अंग चोरून बसली, घाबरून आखडली, तर दोघींची हाडं मोडतील. म्हणून तिकडचे जाणते परीक्षक जिंकणारीइतकेच, कधी कधी जास्तच, शब्द हरणारीवर खर्च करतात. मला हे फार आवडलं. एरवी जगात पडणाऱ्या बाईचं कौशल्य कोण मोजतं?

आता काही सामने घेऊ.

पहिला सामना २८ ऑगस्ट १९८५ चा, ओसाका शहरातला. चिगुसा नागायो विरुद्ध डंप मात्सुमोतो. हरणारीचे केस भर रिंगणात उतरवायचे, अशी अट. चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या दोघींची 'क्रश गॅल्स' ही जोडी तेव्हा जपानच्या शाळकरी मुलींची लाडकी होती. आखूड केस, रुबाबदार चाल, कुस्तीही करायच्या आणि रिंगणात उभं राहून गाणीही म्हणायच्या. समोर डंप. धिप्पाड, तोंडाला भडक रंग, हातात साखळी नाहीतर बांबूची छडी, भोवती तिच्या टोळीच्या बाया. तीच पंचवीस वर्षांच्या आतली मुलगी, चिगुसाबरोबर एकाच साली कंपनीत आलेली. तिलाही नायिकाच व्हायचं होतं. ते जमलं नाही तेव्हा तिने ठरवलं, मग देशातली सगळ्यात वाईट बाई मी होते.

डावपेच म्हणून बघाल तर हा सामना काही देखणा नाही. कात्री आहे, साखळी आहे, चिगुसाचं कपाळ फुटून रक्ताने चेहरा माखतो, पंच भलतीकडे बघतो. कुणाला बघवणार नाही आणि त्यात चूक काही नाही. मी मात्र या सामन्यात ऐकायचं काय ते सांगेन. प्रेक्षकांत हजारो मुली आहेत, बारा ते सोळा वर्षांच्या. त्यांच्या ओरडण्याचा आवाज सुरुवातीला एक असतो, मध्ये वेगळा होतो आणि शेवटी चिगुसा हरते तेव्हा तो आवाज राहतच नाही, नुसतं रडणं राहतं. मग यंत्राने तिचे केस उतरवतात. आपल्या समाजात एकेकाळी काही घरांत विधवेचे केस उतरवायचे. ती लाज, ती असहायता ज्यांनी आजीकडून ऐकली आहे, त्यांना ते दृश्य वेगळ्या जागी लागेल. जपानच्या टीव्हीवर हे सगळं दाखवलं गेलं, घराघरातून पाहिलं गेलं.

परीक्षण करायचं तर मी निम्म्याहून जास्त श्रेय डंपला देईन. दुसरीला मोठं करण्यासाठी स्वतः इतकं वाईट होणं, आणि तेही चोख. लोकांना मात्र ते कळलं नाही. तिचा राग राग करणाऱ्यांनी तिच्या घरापर्यंत दगड आणले, घरच्यांना त्रास दिला. म्हणजे संकासुराचं सोंग घेणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी शेण टाकण्यासारखं झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, याच अटीवर पुन्हा सामना झाला आणि डंपचे केस गेले. २०२४ साली तिच्या आयुष्यावर जपानमध्ये एक मालिकाही आली. तेव्हा कुठे पुष्कळांना ती माणूस म्हणून दिसली.

दुसरा सामना बरोबर सात वर्षांनंतरचा, ऑगस्ट १९९२. पुन्हा अट केसांचीच. मानामी टोयोटा आणि तोशियो यामादा. टोयोटा म्हणजे आपल्या रस्त्यावर गाडी दिसते तेच आडनाव. दोघी १९८७ साली एकत्रच आलेल्या, जोडीने खेळणाऱ्या. यामादाच्या लाथा म्हणजे मुसळाचे घाव. टोयोटाचं अंग वाऱ्याचं. दोरावर चढून उलटी कोलांटी घेत समोरचीच्या अंगावर पडायची, पाठीची कमान करून अशी तोलायची की फक्त डोकं आणि पाय जमिनीला. या सामन्यात वेग इतका आहे, की मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दोन वेळा मागे न्यावा लागला. कोणती लाथ कुठे बसली ते कळेचना.

टोयोटा जिंकते. आणि खरा सामना त्यानंतर सुरू होतो. मैत्रिणीचे केस कापायची वेळ आली तेव्हा टोयोटा रडायला लागते, अडवायला बघते, कात्री ओढून स्वतःचेच केस कापायला निघते. तिला धरून ठेवावं लागतं. आणि हरलेली यामादा शांतपणे बसून केस कापून घेते. यातलं किती ठरलेलं, किती मनातलं, मला सांगता यायचं नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. १९८५ मध्ये केस उतरवणं म्हणजे हरलेलीची विटंबना होती. इथे दोन मुलींनी तीच अट घेतली आणि तिचा अर्थच फिरवून टाकला. माझ्या लेखी हा सामना ओसाकाच्या सामन्याहून वरचा.

आता टोयोटाचा दोषही सांगते, नाहीतर परीक्षण कसलं. तिच्या पायाला दहा मिनिटं पीळ घातला, ती कळवळली, आपणही कळवळलो, आणि पुढच्या क्षणी बाई उठून हरणासारखी धावते. अहो, विंचू चावलेली बाई लगेच फुगडी घालते का? मेल्टझर यांनी तिच्या डझनाहून जास्त सामन्यांना पाच तारे दिले. १९९५ च्या मे महिन्यात क्योको इनोउएबरोबर ती पूर्ण साठ मिनिटं खेळली आणि कुणीच हरलं नाही, त्यालाही पाच. तो सामना दमदार आहे यात शंका नाही. पण दुखणं दुखण्यासारखं राहिलं नाही की गोष्ट निसटते, असं मला वाटतं. तिचे चाहते यावर माझ्याशी भांडतील. भांडोत. तीस वर्षं ती खेळली आणि २०१७ साली निवृत्त झाली, त्या पंचविशीच्या अटीच्या नाकावर टिच्चून.

दुखणं कसं सांभाळावं हे बघायचं तर तिसरा सामना बघा. २ एप्रिल १९९३, योकोहामा. आकिरा होकुतो आणि शिनोबू कांदोरी. कांदोरी मूळची ज्यूदोची खेळाडू, १९८४ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेली. कंपनीही वेगळी. म्हणजे 'तुमची कुस्ती नाटकी, माझी खरी' असा तोरा. सुरुवातीलाच ती होकुतोचा हात असा पिरगाळते की खांदा गेलाच म्हणायचा. इथून पुढे होकुतोचा तो हात बघत राहा. अर्धा तास. मारतानाही ती तो जपते, उठताना दुसऱ्या हातावर भार देते, विसरली असं एकदाही होत नाही. दोघी रक्तबंबाळ. शेवटाला डावपेच संपतात, दोघी एकमेकींना नुसते ठोसे लगावतात, दोघीही कोसळतात, आणि होकुतो तिच्या अंगावर पडून जिंकते. कोण बलवान हा प्रश्न तिथे उरतच नाही. कोण जास्त वेळ तग धरते, एवढंच. मला विचाराल तर आज सांगितलेल्यांत हा सगळ्यात चांगला.

याच होकुतोची एक गोष्ट तिकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. १९८७ साली एका सामन्यात तिची मान मोडली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवलं आणि सामना पुरा केला. वय एकोणीस. ऐकणारे म्हणतात, काय हिंमत! हिंमत आहेच. पण त्या वेळी रिंगणाच्या कडेला मोठी माणसं उभी होती, आणि त्यांच्यापैकी एकानेही 'बस, थांबवा' म्हटलं नाही, हे परीक्षणात लिहायला नको का? आपल्याकडेही बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात राबली, असं सुनेचं कौतुक होतं. तेव्हा मला ही मोडकी मान आठवते.

तसंच शिकवण्याचं. चिगुसा नागायोने पुढे स्वतःची कंपनी काढली. 'गाएआ गर्ल्स' नावाचा एक माहितीपट २००० साली किम लाँजिनोटो आणि जानो विल्यम्स या दोघींनी त्यावर केला. त्यात नव्या मुली मार खातात, तोंडातून रक्त येतं, रडतात, आणि चिगुसा त्यांना आणखी ओरडते, थपडा मारते. बघताना वाटतं, जिच्यासाठी हजारो मुली रडल्या तीच का ही? सासुरवास सोसलेली सासू झाली की काय होतं ते आपल्याला नवीन नाही. तरी हेही सांगायला हवं, की २०१८ साली सापोरो शहरात रस्त्यावर एक पुरुष एका बाईला मारत होता, तेव्हा मध्ये पडली ती हीच चिगुसा. पन्नाशी उलटलेली. त्याने हिचेही केस ओढले, बोट दुखावलं. पण आपण पहिलवान आहोत म्हणून तिने त्याच्यावर हात उचलला नाही, फक्त त्या बाईला सोडवलं. माणूस एका शेऱ्यात मावत नाही.

आता एक वाईट सामना. वाईट म्हणजे कंटाळवाणा नव्हे. २२ फेब्रुवारी २०१५, टोकियो, स्टारडम नावाची कंपनी. विजेती योशिको, समोर अ‍ॅक्ट यासुकावा. मी मघाशी म्हटलं की दोघी मिळून गोष्ट सांगतात. त्या दिवशी तो करार मोडला. योशिकोने खरेखुरे ठोसे मारायला सुरुवात केली, तोंडावर, एकामागून एक. यासुकावाचं गालाचं, नाकाचं आणि डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. तिच्या बाजूने टॉवेल टाकून सामना थांबवावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने कुस्ती सोडली. योशिकोचा किताब गेला.

हा सामना इंटरनेटवर पुष्कळांनी पाहिला आणि काहींनी लिहिलं, 'चला, निदान हे तरी खरं होतं.' या शेऱ्याचा मला राग येतो. खरी कुस्ती हवी तर ज्यूदो आहे, ऑलिम्पिकची कुस्ती आहे, आपला आखाडा आहे. तिथे समोरचीही तयारीने उभी असते. इथे एक बाई विश्वासाने अंग पुढे करून उभी होती. आपण विहिरीत दोर धरून कुणाला उतरवतो आणि वरून दोर सोडून देतो, त्याला खरेपणा म्हणायचं का?

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येते. लहान मुली जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या, पण जवळ बसवून.

हाना किमुरा. आई क्योको किमुरा, तीही नावाजलेली पहिलवान. हाना स्टारडममध्ये खेळायची. गुलाबी केस, रिंगणात तोऱ्यात यायची, समोरचीला चिडवायची. तो तिच्या सोंगाचा भाग. पुढे ती 'टेरेस हाऊस' नावाच्या टीव्ही कार्यक्रमात गेली. काही तरुण मुलंमुली एका घरात राहतात आणि कॅमेरे त्यांना टिपतात, तसा कार्यक्रम. तिचा कुस्तीचा पोशाख, जिवापाड जपलेला, धुण्याच्या मशीनमध्ये राहिला आणि घरातल्या एका मुलाच्या हातून तो आकसून खराब झाला. ती चिडली, ओरडली. एवढंच. २०२० च्या वसंतात हे दाखवलं गेलं आणि मोबाईलवरून शेऱ्यांचा पाऊस सुरू झाला. तिच्या दिसण्यावर. तिच्या वागण्यावर. तू मरत का नाहीस, इथपर्यंत. करोनाचे दिवस होते, सामने बंद होते, ती घरात एकटी. २३ मे २०२० ला हानाने आपलं आयुष्य संपवलं. वय बावीस.

लिहिणाऱ्यांपैकी ओसाकाच्या एका माणसाला दंड झाला, नऊ हजार येनचा. तेव्हाच्या दराने आपल्या पैशात साधारण सहा हजार रुपये. एक बऱ्यापैकी मोबाईलही येत नाही तेवढ्यात. तेव्हाचा कायदाच तसा होता, सार्वजनिक अपमानाला दहा हजार येनच्या आत दंड नाहीतर महिन्याच्या आत कोठडी. हानाची आई गप्प बसली नाही. तिने संस्था उभी केली, सरकारदरबारी बोलत राहिली, आणि २०२२ साली जपानने कायदा कडक केला. आता एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

डंपच्या घरावर दगड मारायला निदान तिच्या दारापर्यंत चालत जावं लागत होतं. हानाच्या बाबतीत अंथरुणात पडल्या पडल्या अंगठा हलवला की झालं. हे शेरे लिहिणाऱ्यांनाही बहुधा वाटत असेल, की आपण मतच तर देतोय, परीक्षणच तर करतोय. नाही हो. टोयोटा पाय दुखल्याचं विसरते, हे परीक्षण. ती विसरली ते मी तुम्हाला त्या सामन्यात दाखवू शकते, आणि तिला ते ऐकून पुढच्या वेळी सुधारता येतं. ती जाडी आहे, काळी आहे, बाईसारखी दिसत नाही, हिला कोण करून घेणार, यात तिने सुधारायचं काय?

हे शेरे आपल्याही ओळखीचे आहेत. गावातली मुलगी कुस्तीला, कबड्डीला जायला लागली की पारावर काय बोललं जातं, आणि सांगायला वाईट वाटतं, हळदीकुंकवाला काय बोललं जातं, ते तुम्ही ऐकलंय. आता ते तिच्या मोबाईलवरही येतं. तुमच्या गटात कुणाच्या मुलीचा खेळतानाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पडला असेल, तर त्याखाली काय लिहिलंय ते एकदा बघा. आणि मुलगी जेवत नसेल, बोलत नसेल, सारखा मोबाईल उलटा ठेवत असेल, तर तिला विचारा. एकटी ठेवू नका.

सामने बघायचे असतील तर गटाच्या बैठकीनंतर कुणाच्या तरी मोठ्या टीव्हीवर लावा. चिगुसा आणि डंपचा लहान मुलांसमोर नको, रक्त फार आहे. सुरुवात टोयोटा आणि यामादाच्या सामन्याने करा, शेवट चुकवू नका. मग होकुतो आणि कांदोरी. भाषा कळत नाही म्हणून अडत नाही, माझंही अडलं नाही. फक्त एवढं करा, की पहिल्यांदा बघताना जिंकणारीकडे बघा, आणि दुसऱ्यांदा तोच सामना लावून पडणारीकडे. मग तुम्हाला कोणती आवडली आणि का, ते रेडिओ केंद्राच्या नंबरवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. माझ्या मताशी जमलं नाही तर जरूर पाठवा, टोयोटाच्या बाजूने बोलणारी एखादी असेलच. पुढच्या वेळी आपण ते ऐकू.

येते मी. नमस्कार.